पाच पैशांचा हिशेब

बापाची पत्रं मी विकायला काढली नव्हती. दाखवायला नेली होती.

शहरात पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक गृहस्थ भेटले. तिकिटं जमवणारे. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, खिशात भिंग. बापाचं एक निळं इनलँड मी त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी भिंग लावलं आणि चेहरा उजळला. म्हणाले, "हे निर्वासित मदतीचं. एकाहत्तरचं. हाताच्या रबरी शिक्क्याचं मिळालं तर आणखी भाव. छाप उलटा पडला असेल तर विचारूच नका. देता का?"

त्यांनी तिकीट पाहिलं, पोस्टाचा शिक्का पाहिला, कागद किती पिवळा पडलाय ते पाहिलं. आत काय लिहिलंय ते मात्र पाहिलं नाही. पाच पैशांच्या तिकिटाला भिंग आणि माझ्या बापाच्या अक्षराला साधी नजरसुद्धा नाही.

मी पत्र परत घेतलं आणि घरी आलो. तेव्हापासून हा हिशेब डोक्यात आहे. आता मांडतो.

दोस्तहो, आधी ते तिकीट काय होतं ते समजून घ्या. आजच्या पोरांना ते ठाऊक असायचं कारण नाही.

१९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी लष्करानं पूर्व बंगालात कत्तल सुरू केली. माणसं जीव मुठीत घेऊन सरहद्द ओलांडू लागली. वर्षअखेरपर्यंत आकडा जवळपास एक कोटीवर गेला. छावण्या, चिखल, कॉलरा. जगानं थोडं दिलं, बाकी ओझं इथल्या तिजोरीवर पडलं. तेव्हा सरकारनं कर बसवले. रेल्वेच्या तिकिटावर, विमानाच्या तिकिटावर आणि टपालावर. १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायची सक्ती झाली. फक्त पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं सोडली.

नवं तिकीट लगेच तयार नव्हतं. मग कुटुंबनियोजनाचं पाच पैशांचं तिकीट घेतलं आणि त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असा छाप मारला. जिथं छापील तिकिटं पोचली नाहीत तिथं पोस्टातल्या माणसांनी रबरी शिक्के करून हातानं मारले. व्यवस्थेचा विनोद बघा. खाली छोट्या सुखी कुटुंबाची जाहिरात आणि तिच्या अंगावर एक कोटी बेघरांचा शिक्का. पुढं १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं.

जगात असली तिकिटं आधीपासून निघत आली आहेत. नॉर्वेनं १९३५ साली नान्सेनच्या नावानं काढली. निर्वासितांसाठी झटलेला माणूस. त्याच्या तिकिटावर मूळ किमतीहून थोडे जास्त पैसे, ते निर्वासितांच्या निधीला. ज्याला द्यायचे त्यानं ते तिकीट घ्यावं, नाही त्यानं साधं. १९६० साली ७ एप्रिलला कितीतरी देशांनी एकाच दिवशी ‘जागतिक निर्वासित वर्षा’ची तिकिटं काढली. चिन्ह होतं मुळासकट उपटलेलं झाड. सायप्रसनं १९७४ नंतर आपल्याच बेघर झालेल्या माणसांसाठी प्रत्येक पत्रावर सक्तीचं तिकीट लावलं. काटेरी तारेपुढं बसलेलं एक पोर.

म्हणजे दोन जाती आहेत. एक राजीखुशीची, एक सक्तीची. आपलं सक्तीचं.

आता म्हणाल, पोस्टकार्डाला सूट होती ना? गरीब माणूस कार्डच लिहितो, मग तुझ्या बापाला काय तोशीस पडली?

हाच तर मुद्दा आहे.

पाऊस दगा देत होता म्हणून बाप एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर मुंबईला गेला. मराठवाड्यातलं आमचं गाव. बाप चौथी शिकलेला. मायला अक्षर येत नव्हतं, वाचायला मी. पहिल्यांदा बापानं कार्डच लिहिलं. दहा पैशांचं. त्यात लिहिलं, ‘पंचवीस रुपये मनिऑर्डर केले आहेत, जपून वापरावे.’

टपालवाला आमच्या वस्तीत येत नसे. गावातल्या एका दुकानात आमचं टपाल टाकून जायचा. दुकानदार ते मोठ्यानं वाचायचा. बसलेली माणसं ऐकायची, हसायची. कार्ड आमच्या घरी पोचायला दोन दिवस लागले. सावकाराचा माणूस मात्र त्याच संध्याकाळी दारात. "मुंबईहून पैसे येतायत म्हणं." मनिऑर्डर आली आणि त्याच पावली गेली. माय काही बोलली नाही. तिनं चूल पेटवली नाही, एवढंच.

उघडं कार्ड म्हणजे काय ते तुम्हाला आता कळलं असेल. ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही त्याला ते स्वस्त. ज्याचं सगळंच दुसऱ्याच्या हातात आहे त्याला ते महाग. त्यानंतर बापानं एकही कार्ड लिहिलं नाही. बंद पत्रच. इनलँड पंधरा पैसे, वर हे पाच. वीस पैसे. आमच्याकडं लोक त्याला ‘इंग्लंड लेटर’ म्हणायचे. आपलं बोलणं आपल्या बायकोपर्यंत झाकून पोचावं, एवढी साधी गोष्ट. तिच्यासाठी दुप्पट पैसे मोजावे लागले आणि त्यातला चौथा हिस्सा निर्वासितांचा.

आणि तरी ऐका. बापानं ते पाच पैसे कुरकुरत दिले नाहीत. माझ्याजवळ जे पत्र आहे त्यात त्यानं लिहिलंय, ‘हे वरचं तिकीट बंगाली लोकांचे आहे. त्यांची घरेदारे गेली. पाच पैशाने आपले काय जाते.’

मी मायला वाचून दाखवलं. माय म्हणाली, "आपलं घर कुठं ऱ्हायलंय म्हणा." थोड्या वेळानं म्हणाली, "पर लेकराबाळांची आबाळ झाली आसंल त्यांच्या बी."

हा हिशेब मांडताना ही ओळ मी सगळ्यात वर ठेवतो. आम्ही दिलं. सक्ती होती तरी मनानं दिलं. त्यामुळं उद्या कुणी शहाणा म्हणेल की दलितांना दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, स्वतःचंच रडगाणं गातात, तर त्याच्या तोंडावर हे इनलँड मारा.

आता जमेची बाजू झाली, खर्चाची बघू.

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं टाकली. १९७२ च्या मार्चअखेरपर्यंत बहुतेक सगळे निर्वासित परत गेले. छावण्या उठल्या. आणि तिकीट? तिकीट ३१ मार्च १९७३ पर्यंत चालूच. माणसं गेली, त्यांच्या नावाची दया आणखी वर्षभर वसूल होत राहिली. सरकार म्हणेल, खर्च आधी झाला होता, तो भरून काढायचा होता. असेल. मग त्याला खर्चवसुली म्हणा. दया म्हणू नका. दयेचं चित्र छापू नका.

आणि ते वर्ष कोणतं होतं? बहात्तरचं. महाराष्ट्राच्या मागच्या शंभर वर्षांत विसरता न येणारा दुष्काळ. माय खडी फोडायला जात होती. आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती. विहिरीवर पाणी नव्हतं, आणि होतं तिथं आमची घागर चालत नव्हती. गावंच्या गावं उठून मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर आली. ह्या माणसांना कुणी निर्वासित म्हटलं नाही. म्हटलं काय? ‘दुष्काळी.’ सरहद्द ओलांडली की माणूस निर्वासित होतो. गावकूस ओलांडून पळाला की नुसता भिकारी होतो.

त्या उपटलेल्या झाडाचं चिन्ह मी बघतो तेव्हा मला हाच प्रश्न पडतो. उपटायला आधी मूळ धरू द्यावं लागतं. आम्हाला कुणी कधी रुजू दिलं?

पण थांबा. हिशेबाचं मोठं पान अजून पुढंच आहे. तिकिटावर ज्यांचं चित्र होतं ते बंगाली निर्वासित, त्यांची जात कुठली, हे आपण कधी विचारलं का?

मी विचारलं नव्हतं. बापालाही ठाऊक नव्हतं. ‘बंगाली लोक’ म्हणजे बंगाली लोक. फार उशिरा वाचलं तेव्हा डोक्यात घण पडला. खुलना, जेसोर, बारिसाल, फरीदपूर ह्या भागांतून जी गरीब शेतकरी-मच्छीमार हिंदू जनता पळाली तिच्यात नामशूद्र मोठ्या संख्येनं होते. नामशूद्र म्हणजे बंगालचे आपणच. पाण्याला शिवू न दिलेले. आणि आपल्यावर त्यांचं कर्ज आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याची वाट बंद केली गेली, तेव्हा बंगालच्या विधिमंडळातून त्यांना निवडून पाठवलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सोबत्यांनी. फाळणी झाली, बंगालमधून मिळालेली ती जागा गेली, बाबासाहेब पुन्हा मुंबईतून निवडले गेले. पण वाट पहिल्यांदा उघडली ती त्यांनी. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन, आपल्या माणसांवरचे अत्याचार लिहून ठेवून, परत आले. बाबासाहेबांच्या नावाचं पंधरा पैशांचं तिकीट १४ एप्रिल १९६६ ला निघालं. ते आपण कपाळाला लावतो. त्यामागं उभ्या असलेल्या नामशूद्रांचं नाव आपल्या किती सभांत निघतं?

फाळणीनंतर बंगालातून आलेल्यांतही दोन रांगा लागल्या. पहिल्यांदा आले ते बहुतांशी भद्रलोक. शिकलेले, नातीगोती असलेले. त्यांनी कलकत्त्याच्या कडेला मोकळ्या जागा बळकावून वसाहती उभ्या केल्या आणि त्या हळूहळू कायदेशीर झाल्या. पन्नास सालानंतर आणि चौसष्टच्या दंगलीनंतर जे आले त्यांत शेतात राबणारे नामशूद्र जास्त. त्यांना छावण्या. त्यांना मालगाडीत घालून रायपूरजवळच्या माना छावणीत. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प काढला होता, बस्तर आणि कोरापूटच्या जंगलात. नदीच्या चिखलात भात पिकवणारी माणसं मुरमाड माळावर नेऊन टाकली. आणि ती जमीन तरी कुणाची? आदिवासींची. एका नागवलेल्याला दुसऱ्या नागवलेल्याच्या छातीवर नेऊन बसवलं आणि त्याला पुनर्वसन म्हटलं. ही चाल आपण इथंही ओळखतो.

म्हणजे १९७१ साली माझा बाप पाच पैसे भरत होता तेव्हा माना छावणीत आधीचे निर्वासित सडतच होते. तिकिटावरचा निर्वासित वेगळा आणि छावणीतला वेगळा.

पुढं काय झालं? विरोधात होते तेव्हा डावे नेते गळा काढून सांगत, निर्वासितांना बंगालातच वसवा. १९७७ साली त्यांचं राज्य आलं. दंडकारण्यातल्या लोकांनी त्यांचा शब्द खरा मानला. भांडीकुंडी विकून १९७८ च्या सुरुवातीला ती माणसं निघाली. सरकारनं वाटेत अडवून पुष्कळांना परत धाडलं. तीसेक हजार माणसं सुंदरबनातल्या मरिचझापी नावाच्या बेटावर पोचली. सरकारचा एक पैसा घेतला नाही. बांध घातला, झोपड्या उभारल्या, शाळा काढली, मासेमारी सुरू केली. ‘तुम्ही काही देऊ नका, फक्त राहू द्या,’ एवढंच मागणं.

सरकारला आठवण झाली की हे राखीव जंगल आहे. वाघांचं आहे.

जानेवारी १९७९ मध्ये १४४ कलम लावलं. पोलिसांच्या लाँचेसनी बेटाला वेढा घातला. अन्न बंद, औषध बंद, गोडं पाणी बंद. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. हायकोर्टानं फेब्रुवारीत सांगितलं, अन्नपाणी अडवू नका. तरी मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं आणि उरलेल्यांना पुन्हा दंडकारण्याकडं हाकलून दिलं. सरकारनं मेलेल्यांचा आकडा बोटांवर मोजण्याइतका सांगितला. वाचलेली माणसं शेकड्यांत सांगतात, कुणी त्याहून जास्त. गोळीनं किती, भुकेनं किती, पाण्यात किती, ह्याचा सरकारी हिशेब आजवर झालेला नाही. लाल झेंडा असो की तिरंगी, गोळी घालताना जात बरोबर सापडते.

सात-आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या भाऊबंदांच्या नावानं देशभर पत्रापत्रावर पाच-पाच पैसे गोळा केले, त्यांच्यावर ही पाळी.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मरिचझापीवर माणसं बांध घालत होती, त्याच सुमाराला, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्याखेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेला जिवंत जाळलं. आमची वस्ती जळाली तेव्हा मी सतरा वर्षांचा. अंगावरच्या कपड्यांनिशी तालुक्याला पळालो. एका शाळेच्या व्हरांड्यात अकरा दिवस काढले. कागदावर आमचं नाव होतं ‘दंगलग्रस्त’. मायनं पळताना दोनच गोष्टी उचलल्या, बाबासाहेबांचा फोटो आणि बापाच्या पत्रांचा डबा. म्हणून ते इनलँड आज माझ्या हातात आहे.

व्हरांड्यात एक रात्री मायला तिची ती ओळ आठवली असेल का, मला ठाऊक नाही. मला आठवली. ‘लेकराबाळांची आबाळ झाली आसंल त्यांच्या बी.’ त्या वेळी आमच्यासाठी कुणी तिकीट काढलं नाही. ते काढावं असंही माझं म्हणणं नाही. मराठवाड्याचं एक, मरिचझापीचं एक, रंगीत चित्र, पहिल्या दिवसाचा शिक्का, मंत्र्याच्या हस्ते अनावरण, आणि मग ते तिकीट इस्त्रीवाल्या गृहस्थांच्या भिंगाखाली. नको. चित्र होऊन चिकटायचं आपल्याला नाही.

मग काय पाहिजे?

लांब जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावं आहेत. साठच्या दशकापासून वसवलेली. तिथली पोरं आता मराठी बोलतात, मराठी शाळेत जातात. त्यांत नामशूद्र आहेत. बंगालच्या यादीत नामशूद्र अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सरकारनंच मालगाडीत घालून इकडं आणलं आणि गाडीतून उतरल्यावर म्हटलं, तुमची जात तिकडं राहिली! अस्पृश्यता मात्र बरोबर आली. हे दुखणं आपल्याला नवं नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर फेकलो गेलो, ते १९९० पर्यंत. चौतीस वर्षं आपण ओरडत होतो की धर्म बदलला, गावानं वागणं बदललं नाही. आता ते ओरडतायत की राज्य बदललं, बाकी काही बदललं नाही. तेव्हा आपले कान कुठं आहेत?

खरं सांगतो, राग मला सरकारचा आहेच, तो जुना आहे. पण ह्या हिशेबात एक रक्कम आपल्याही नावावर निघते. आपण मंडलांना विसरलो. मरिचझापी आपल्याला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही आपण आपल्याच गटबाजीत मश्गूल राहिलो. माझ्या चौथी शिकलेल्या बापाला जे वीस पैशांच्या पत्रात कळलं होतं ते आपल्याला पन्नास वर्षांत कळलं नाही.

तेव्हा बांधिलकीची भाषणं पुरे. गडचिरोली इथंच आहे, एस. टी. जाते. जा. त्या गावांत बसा. जातीच्या दाखल्याच्या लढ्यात त्यांच्या बाजूनं उभे राहा, आणि शेजारच्या आदिवासीच्या जमिनीचा प्रश्नही त्याच बैठकीत काढा, तो टाळू नका. ३१ जानेवारी आपल्या सभांत पाळा. सरकारला विचारा, पोस्टातून पाच-पाच पैसे गोळा केले त्यातले माना छावणीतल्या माणसाला किती पोचले?

तिकिटवाल्या गृहस्थांचा परवा पुन्हा निरोप आला. भाव वाढवलाय म्हणे. मी कळवलं, पत्र विकायचं नाही. वाचायचं असेल तर घरी या, मी मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या दुकानदारासारखं हसायचं मात्र नाही.

जयभीम.